चेटकिणीचं नाक

पैज लागली जिन्यात. लिफ्ट बंद पडली होती, आणि लिफ्ट बंद असली की आमच्या बिल्डिंगमधली माणसं एकमेकांशी बोलतात. एरवी नुसती लिफ्टच्या आरशात स्वतःचे केस बघत वर जातात. मी खालच्या पायरीवर बसून माझ्या किल्ल्यांच्या टपरीवर आलेलं एका गिऱ्हाइकाचं अडलेलं कुलूप खोलत होतो, तळमजल्यावरचा टेलर दुकानाच्या दारात उभ्याउभ्या बटणं लावत होता, आणि वरून मोठ्या सिस्टर उतरल्या.

मोठ्या सिस्टर म्हणजे रिटायर झालेल्या हेडनर्स. पहिल्या मजल्यावर एकट्या राहतात. उंच, हाडापेराने दणकट, आणि नाक असं की आधी ते खोलीत येतं, मग मागून त्या येतात. अख्खी गल्ली त्यांना टरकून असते, आणि ड्रेसिंग असो की इंजेक्शन, अख्खी गल्ली त्यांच्याच दाराशी जाते.

"बाजूला सरक," त्या म्हणाल्या. "ही लिफ्ट तुझ्यामुळे बंद नाही ना?"

"या वेळी नाही," मी म्हटलं.

विचारायचा त्यांना हक्क होता. मागे मी लिफ्टमध्ये पाटी लावली होती, 'बटण न चालल्यास टाळी वाजवावी', आणि बरेच दिवस आमच्या बिल्डिंगमधून टाळ्यांचे आवाज येत होते. सिस्टरसुद्धा वाजवायच्या. ते त्यांनी मला अजून माफ केलेलं नाही.

"तुझी बहीण हल्ली दार लावून काय करत असते?"

"चेटकिणी काढते."

"कुठून?"

"कागदावर, सिस्टर. चित्रं काढते. ती नाक्यापलीकडची दातवाली डॉक्टर आहे ना, तिने एक खेळ लिहिलाय. टेबलाभोवती बसायचं, एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी गोष्टीतली माणसं व्हायचं. कुणी चोर, कुणी शिपाई. अडचण आली की फासा टाकायचा. त्या खेळाचं आता पुस्तक निघतंय, आणि पुस्तकाला चेटकिणीचं चित्र हवंय."

सिस्टर पायरीवर थांबल्या. "म्हणजे पन्नाशीची डॉक्टर, लोकांचे दात काढणारी, ती चेटकीण-चेटकीण खेळते."

"दर शनिवारी. दवाखाना बंद करून."

"आणि तुझी बहीण यासाठी फोटो स्टुडिओतली मॅनेजरची खुर्ची सोडणार."

"पास झालं चित्र तर."

"होणार नाही," सिस्टर म्हणाल्या. "लिहून घे. पोरीच्या हातात कला आहे, मी नाही म्हणत नाही. पण चालून आलेली खुर्ची लाथाडून हडळी रंगवत बसायचं म्हणजे डोकं फिरलंय. तिला तू समजवायचंस, तर तुझंच जागेवर नाही."

आता कुणी माझ्या डोक्याबद्दल बोललं तर मी मनावर घेत नाही, ते सार्वजनिक आहे. पण धाकटीबद्दल कुणी 'होणार नाही' म्हटलं की माझी जीभ माझ्या आधी धावते.

"लावा पैज."

"लाव."

"त्यांनी माझ्या बहिणीची चेटकीण पास केली, तर तुम्ही टोकदार टोपी घालून, हातात खराटा घेऊन गेटपासून बस स्टॉपपर्यंत रस्ता झाडायचा. भर दुपारी."

टेलरची सुई हवेत राहिली. मला वाटलं आता सिस्टर माझा कान धरणार. त्या म्हणाल्या, "आणि नाही केली, तर तू माझी ड्युटीची पांढरी टोपी घालून आठवडाभर टपरीवर बसायचं. आणि तोंड बंद. गिऱ्हाइकाशी खुणांनी बोलायचं."

"आठवडाभर तोंड बंद?" टेलर म्हणाला. "सिस्टर, त्याला जीवच लावायला सांगा पैजेवर, ते सोपं जाईल त्याला."

"तू मध्ये बोलू नकोस. काळं कापड आहे का तुझ्याकडे? लागणार नाहीच म्हणा."

"कोटाचं अस्तर पडलंय," टेलर म्हणाला. "मी आपली शिवून ठेवतो."

धाकटी आमच्याकडेच राहते. मी, आमची ही, आणि धाकटी. फोटो स्टुडिओत ती रिटचिंग करते, म्हणजे लोक फोटो काढून गेले की मागे त्यांचे चेहरे धुऊन इस्त्री करायचे. पुटकुळ्या घालवायच्या, डोळ्यांखालची काळी वर्तुळं पुसायची, दुसरी हनुवटी असेल तर पहिलीत मिसळायची. इतकी वर्षं करतेय की रस्त्यात कुणाशी बोलतानाही तिची नजर तुमच्या गालावरच्या तिळावर असते. मालकाने दुसरी शाखा काढली होती आणि ती तिने सांभाळावी असं त्याचं म्हणणं होतं. उत्तर एक आठवडा सोडून पुढच्या सोमवारी द्यायचं होतं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत पासपोर्टचे फोटो, पांढरा पडदा, हसू नका, हनुवटी खाली.

"चित्र पास झालं तर त्या पुस्तकातल्या सगळ्या चेटकिणी मी रंगवणार," ती म्हणाली होती. "नाही झालं तर खुर्चीत बसते, आणि रंग कुणालातरी देऊन टाकते. घरात दिसले तर त्रास होईल."

डॉक्टरचा नियम सरळ होता. तीन वेळा दाखवा. तिसऱ्यातही जमलं नाही तर काम दुसऱ्या चित्रकाराला.

पहिली चेटकीण नापास झाली होती. तरुण, हिरव्या डोळ्यांची, केस वाऱ्यावर. डॉक्टर म्हणाली, "छान आहे, पण ही शाम्पू विकते." मग धाकटीने दुसरी काढली, म्हातारी. तो शनिवार माझ्या पैजेनंतर लगेच आला. ती घाबरली होती, म्हणून मी बरोबर गेलो.

दवाखान्याची बाहेरची खोली. भिंतीवर दाताचं चित्र, शेल्फवर जबड्याचा साचा, मधोमध टेबल, त्यावर नकाशा आणि वीस बाजूंचे फासे. दातवाली डॉक्टर टेबलाच्या टोकाला. एका बाजूला बस चालवणारी ड्रायव्हरबाई, युनिफॉर्ममध्येच. दुसऱ्या बाजूला शाळेतले गणिताचे सर. तिघंही पोक्त, संसारी, कर भरणारी माणसं. धाकटीने चित्र उघडलं.

सर म्हणाले, "केस पांढरे केलेत."

ड्रायव्हरबाई म्हणाली, "नातीला टोप घातलाय."

डॉक्टरने चित्र स्वतःकडे ओढून घेतलं. मग म्हणाली, "राग मानू नकोस. तुझा हात गोड आहे, फार गोड आहे, तीच पंचाईत आहे. ही बाई आम्हाला माहीत आहे गं. गोष्टीत आमच्यातलं कुणी मरायला टेकलं की आम्ही पाणथळीतल्या तिच्या झोपडीत जातो. ती बरं करते. करता करता शिव्या घालते. बदल्यात पैसे घेत नाही, एक खरं घेते. तुमच्या मनातलं एक खरं, जे कुणाला सांगितलं नाही. चित्र बघून मला दारात पाय पुसावेसे वाटले पाहिजेत."

धाकटीने मान हलवली आणि कागद गुंडाळायला लागली. गुंडाळी दोनदा सुटली. मला ते बघवेना.

"डॉक्टर," मी म्हटलं, "ती तुमची म्हातारी मला भेटवा तरी. आहे कशी ते बघू."

"बसा की," ड्रायव्हरबाईने खुर्ची ओढली. "तुम्ही किल्ल्या करता ना, मग चोर व्हा."

झालो चोर. फासा टाकला, तो गडगडत जाऊन एकावर थांबला, आणि मी पाणथळीतल्या कुठल्याशा सापळ्यात पाय अडकवून घेतला. सर आणि ड्रायव्हरबाईंनी मला गोष्टीतच उचलून झोपडीपर्यंत नेलं. डॉक्टरने चष्मा काढला. आवाज बदलला. एकदम जवळचा, सपाट झाला.

"काय झालंय?"

"पायाला लागलंय," मी म्हटलं.

"ते दिसतंय. एक खरं सांग."

"मी फार गरीब आहे."

"खोटं. पुन्हा."

"मला तुमचा फार आदर वाटतो."

"खोटं. पुन्हा."

"सांगून टाका भाऊ," ड्रायव्हरबाई हळूच म्हणाली. "आम्ही सगळ्यांनी सांगितलंय. त्याशिवाय ती सोडत नाही."

आणि काय झालं कुणास ठाऊक. मी, ज्याने अख्ख्या बिल्डिंगला टाळ्या वाजवायला लावल्या, तो मी त्या टेबलाशी बोलून गेलो, "मला सुईची भीती वाटते. डॉक्टरांनी ताकदीची इंजेक्शनं लिहून दिलीत, ती फ्रिजमध्ये बटरच्या मागे पडलीत. बायकोला रोज उद्या म्हणून सांगतो."

"ये आत," म्हातारी म्हणाली. "चिखल बाहेर ठेव."

मी माझ्या चपलांकडे बघितलं, खरंच बघितलं.

घरी येताना धाकटी चालताना फुटपाथच्या फरश्या बघत होती. "संपलं, दादा. मला म्हातारी जमत नाही. काय चुकतंय तेच कळत नाहीये."

"'खोटं. पुन्हा.' हा आवाज कुठे ऐकलाय आपण?" मी विचारलं.

आम्ही जिना चढत होतो. पहिल्या मजल्यावर दोघंही एकदमच थांबलो. समोर सिस्टरांचं दार. दाराबाहेर चपलांची रांग, सरळ, टाचा भिंतीला, कारण वेडीवाकडी ठेवलेली चप्पल सिस्टर जिन्यातून खाली भिरकावतात.

"नाही," धाकटी म्हणाली.

"अगं, तोच चेहरा आहे."

"त्या पोज देतील का? दादा, तुम्ही त्यांच्याशी पैज लावलीय. माझ्याविरुद्ध आहेत त्या."

"देणार नाहीत. म्हणून विचारायचंच नाही," मी म्हटलं, आणि माझं मलाच कळलं की याची किंमत मला कुठे मोजावी लागणार आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फ्रिजमधलं इंजेक्शन काढलं. आमची ही बघतच राहिली. "तब्येत बरी आहे ना?" तिने विचारलं. बेत असा होता. मी पालथा पडणार. सिस्टर मला झाडणार, त्या झाडल्याशिवाय टोचत नाहीत. धाकटी कोपऱ्यात मासिक धरून बसणार, मासिकात वही. त्यांचा रागावलेला चेहरा ती गुपचूप उतरवून घेणार.

सिस्टरांनी मला बघितलं, डॉक्टरच्या चिठ्ठीवरची तारीख बघितली. "हे गेल्या महिन्यात घ्यायचं होतं."

"कामात होतो."

"खाटेवर पड. पालथा. आणि हिला का आणलंस?"

"धीर द्यायला."

"या वयात," सिस्टर म्हणाल्या. मी पालथा पडलो, पायजमा जरा खाली केला, उशीत तोंड खुपसलं. यापुढचं मला दिसलं काहीच नाही, सगळं ऐकून सांगतोय. स्पिरिटचा वास आला. गार कापूस लागला. सिस्टरांनी सुरुवात केली, "घोड्याएवढा झालास, बायकोला फसवतोस, औषधं महिनाभर तशीच ठेवतोस, उद्या चक्कर येऊन पडलास टपरीवर तर तुला उचलणार कोण, हा टेलर?" असं एकसुरी, न थांबता. मी दात आवळले.

आणि धाकटीचा आवाज आला. अगदी जवळून. "सिस्टर, जरा तशाच थांबा."

मूर्ख मुलगी. रेघेच्या नादात बेत विसरली, मासिक टाकलं, उठली, आणि वही घेऊन सरळ त्यांच्या तोंडासमोर जाऊन उभी राहिली.

 मी उशीत आणखी खोल तोंड खुपसलं.

"काय करतेयस?" सिस्टर म्हणाल्या.

धाकटीने खोटं बोलायचा प्रयत्नही केला नाही. "चेटकीण काढतेय. ती बरं करते आणि रागावते. मला चेहरा मिळत नव्हता. तुमचा घेतला तर चालेल का?"

 मग खुर्ची सरकल्याचा आवाज. "वॉर्डात सगळे पाठीमागे मला हेच म्हणायचे," सिस्टर म्हणाल्या. "समोर कुणाची हिंमत नव्हती. चल, एकदा समोर होऊन जाऊ दे. किती वेळ लागेल?"

"थोडाच."

"मग तू आधी कर. याला नंतर टोचते."

"सिस्टर," मी उशीतून म्हटलं, "माझा पायजमा."

"हलू नकोस. कापूस लावलाय."

मी तसाच. उघडा, वाऱ्यावर. पेन्सिल कागदावर खरखरत होती. बाहेर कुणीतरी दारावर टकटक केली, सिस्टर म्हणाल्या, "थांबा बाहेर, एक पेशंट आहे." आयुष्यात मी लोकांना बरंच ताटकळत ठेवलंय, त्याचं सगळं व्याज त्या सकाळी फिटलं.

"दाखव," शेवटी सिस्टर म्हणाल्या. कागद हातातून हातात गेला. "हे कोण?"

"तुम्ही."

"माझं नाक कुठंय?"

कागद पुन्हा फडफडला.

"हे अर्धं आहे. आणि हनुवटीखालची ही कातडी, ही वर का ओढून घेतलीस? कपाळावरच्या या दोन रेघा कुठे गेल्या? मी तुझ्याकडे पासपोर्टला आलेय का?"

"मी मुद्दाम नाही केलं," धाकटीचा आवाज बारीक झाला. मग तो थांबला. मग एकदम वेगळाच झाला. "सिस्टर, मी पुसलं. मी काढतानाच पुसत गेले. हात आपोआप जातो. दुसरीच्या वेळीही तेच. नुसते केस पांढरे केले आणि खालचा चेहरा धुऊन टाकला."

"मग आता नको धुऊस. हे बघ, माणूस दुखण्याने ओरडत असला की तो नर्सच्या तोंडाकडे बघतो. गुळगुळीत तोंड बघून कुणी गप्प बसत नाही. त्याला दिसावं लागतं की या बाईने याच्यापेक्षा वाईट बघितलंय आणि ही अजून उभी आहे. ते इथे लिहिलेलं असतं. ते तू खोडत होतीस. नवीन पान घे. नाक आहे तेवढंच राहू दे."

नवीन पान उलटल्याचा आवाज मी ऐकला.

"सिस्टर," मला राहवेना, "पैज लक्षात आहे ना? तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय."

"पैज तुझ्याशी आहे. ही माझ्यासमोर बसून काम करतेय. समोर काम चालू असलं की मी ते अर्धवट होऊ देत नाही." आणि बोलता बोलता, अजिबात न सांगता, त्यांनी सुई घातली.

माझी किंकाळी टेलरला तळमजल्यावर ऐकू गेली. तो ते आजही मान्य करतो.

धाकटीने तो आठवडा स्टुडिओतून आल्यावर एकच चित्र रंगवलं. कसं, ते सांगतो, कारण मी दारातून बघत होतो. स्टुडिओत ती सुरकुती शेवटी शोधते आणि मिटवते. इथे तिने उलटं केलं. कोऱ्या फळीवर आधी नुसत्या सुरकुत्या काढल्या. डोळ्यांच्या कडेच्या, तोंडाच्या बाजूच्या, कपाळावरच्या दोन. सगळ्यात गडद रंगाने. चेहरा नाहीच, नुसत्या रेघा हवेत. मग त्यांच्याभोवती चेहरा बांधत आणला. पुसायचं म्हटलं तरी पुसता येऊ नये म्हणून. तरीही एकदा हात गालाकडे सरकला, तर तिने स्वतःच्या मनगटावर चापट मारली. आमची ही म्हणाली, "हिला बरं नाहीये का?" मी म्हटलं, "आता बरं वाटतंय हिला."

शनिवारी चित्र चादरीत गुंडाळून मी दवाखान्यात उचलून नेलं. धाकटीचा चेहरा कागदासारखा. सोमवार दोन दिवसांवर होता.

डॉक्टरने सरळ सांगितलं, "आधीच सांगते, दुसऱ्या एकाने नमुना पाठवलाय." तिने फोन दाखवला. चकचकीत चेटकीण, बोटांतून वीज निघतेय, कंबर मुठीत मावेल. "मला आवडलेला नाही. पण छापखाना थांबणार नाही. आज नाही जमलं तर मी त्याला हो म्हणणार."

"बघा आधी," धाकटी म्हणाली.

मी चादर काढली.

झोपडीचं दार. दारात ती उभी. एक हात चौकटीवर, म्हणजे वाट अडवलेली. दुसऱ्या हातात वाफाळती पळी. बाह्या कोपरापर्यंत वर सारलेल्या, झग्याची खालची कड पाणथळीच्या पाण्याने ओली. आणि तो चेहरा. ते नाक, अख्खं, एका इंचाचीही सूट न देता. हनुवटीखालची कातडी सैल. डोळे सरळ बघणाऱ्यावर, तुम्ही कुठेही उभे राहा. ती रागावलेली होती, आणि तिने तुम्हाला आत घ्यायचं आधीच ठरवलेलं होतं, दोन्ही एकाच वेळी. तिच्या मागे अंधारात फळीवर बरण्या, आणि प्रत्येक बरणीत एकेक उजेड. कुठे पिवळा, कुठे निळसर, कुठे विझत आलेला.



ड्रायव्हरबाईने डोक्यावरची टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. "त्या बरण्या," ती म्हणाली. "ती आमची खरी आहेत का? आम्ही दिलेली?"

"हो," धाकटी म्हणाली.

"मग ती कोपऱ्यातली निळी माझी." ती पुढे वाकली. "मी तेव्हा माझ्या आईबद्दल सांगितलं होतं. तीच ती. तिने फेकून नाही दिलं बघ. जपून ठेवलंय."

सर इतका वेळ चित्राकडे नाही, टेबलाकडे बघत होते. त्यांनी घसा खाकरला. "मला एक सांगायचंय. मागच्या डावात माझा फासा तीनवर पडला होता. मी कोपराने उलटवला. अठरा केला."

डॉक्टरने त्यांच्याकडे मान वळवली. "तुम्ही? गणित शिकवता तुम्ही."

"म्हणून तर अठरा केला, वीस केला असता तर पकडला गेलो असतो. तिच्याकडे बघून राहवेना."

ड्रायव्हरबाई हसायला लागली ती थांबेचना, आणि मी म्हटलं, जमलं. पण शेवटचा शब्द डॉक्टरचा होता. ती उठली. चित्रासमोर गेली. अगदी जवळ जाऊन नाकापासून हनुवटीपर्यंत बघितलं, मग दोन पावलं मागे आली, मग पुन्हा पुढे. तिने चष्मा काढून डोळे पुसले आणि चिडून म्हणाली, "इतकी वर्षं मी हिचा आवाज काढतेय. आज पहिल्यांदा भेटतेय."

धाकटी तोंड उघडून उभी.

"तू उभी काय राहिलीस? बस." डॉक्टरने फोन उचलला, ती चकचकीत चेटकीण बाजूला सारली, आणि फोन पालथा टाकून दिला. "हिच्या बहिणी आहेत पुस्तकात. एक मीठ विकणारी, एक आंधळी, एक दीपगृहात राहणारी. मला सगळ्या अशाच हव्यात. अशाच म्हणजे न धुतलेल्या. कधीपासून सुरू करशील?"

"आजपासून," धाकटी म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "दादा, सोमवारी मालकाला मी स्वतः सांगणार. तुम्ही मध्ये पडायचं नाही. पाटी वगैरे लावायची नाही."

मी दवाखान्यातून पळत सुटलो. माझ्या वयाचा माणूस पळताना दिसला की लोकांना वाटतं कुणी गेलं. दोघातिघांनी वाटेत विचारलंही. मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढलो आणि सिस्टरांच्या दारात उभा राहिलो. चपला टाचेने भिंतीला लावल्या.

त्यांनी माझं तोंड बघितलं. "पास?"

"नुसती पास नाही. सरांनी फसवणूक कबूल केली, ड्रायव्हरबाईने टोपी काढली, डॉक्टर रडली."

सिस्टरांनी वळून खिडकी लावली, जी आधीच लागलेली होती. परत आल्या तेव्हा चेहरा नेहमीसारखाच होता. "उद्या दुपारी," त्या म्हणाल्या. "टेलरला सांग, टोपीला आत पट्टी लाव. वाऱ्याने उडाली तर पुन्हा झाडावं लागेल."

मी त्या संध्याकाळी काय केलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. सलून, किराणा, बस स्टॉप, शेजारची बिल्डिंग, कुणाला म्हणून सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी बाल्कन्या भरलेल्या होत्या. सलूनमधून एकजण अर्ध्या गालावर फेस घेऊन बाहेर आलेला. डॉक्टर आणि सर फुटपाथवर खुर्च्या टाकून बसलेले. धाकटी विजेच्या खांबाला टेकून, हातात वही.

सिस्टर जिन्यातून उतरल्या. टेलरने हात सैल सोडून शिवलेली टोपी, चांगली हातभर उंच, काठाला कडक पुठ्ठा. सिस्टरांनी ती ड्युटीच्या टोपीसारखी सरळ बसवली होती आणि चार पिना लावल्या होत्या. कुणी शिट्टी मारली. त्यांनी नुसतं तिकडे बघितलं. शिट्टी पुन्हा आली नाही.

मग त्यांनी खराटा धरला आणि झाडायला लागल्या. आणि काय सांगू, मी हसायला तयार होऊन आलो होतो, पोट धरून, अगदी तयारीने. पण त्या असं झाडत होत्या की हसण्यात दम राहिना. कडेपासून मध्ये, लांब फटके, मागे काडी शिल्लक नाही. "पाय उचला," डॉक्टरला म्हणाल्या, आणि डॉक्टरने उचलले. फेसवाल्याला म्हणाल्या, "तू आत जा, गाल वाळेल," आणि तो गेला. बाल्कनीतल्या एकाने टाळी वाजवली, मग दुसऱ्याने, मग सगळ्या मजल्यांनी. सिस्टर थांबल्या नाहीत, पण टोपी जरा मागे झुकली, मान ताठ झाली म्हणून.

बस आली. ड्रायव्हरबाईच्याच हातात होती. तिने रस्त्याच्या मधोमध गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि खिडकीतून अर्धी बाहेर येऊन बघत बसली. बसमधले सगळे एका बाजूला आले.

"ही," ती मागे वळून प्रवाशांना म्हणाली, "पुस्तकावर येणार आहे."

"गाडी का थांबवलीस?" सिस्टर खराटा टेकून म्हणाल्या. "माणसांना कामं नाहीत का?"

"हो सिस्टर," ड्रायव्हरबाई म्हणाली आणि बस निघाली.

सिस्टर स्टॉपच्या खांबापर्यंत पोचल्या. शेवटचा फटका मारला, मागे वळून गेटपर्यंतचा रस्ता एकदा तपासला. पैज फिटली होती. मी पुढे झालो, टोपी घ्यायला हात केला. त्या समोरच्या फुटपाथकडे बघत होत्या. तिथे नेहमीचा कचरा, कागद, पानं.

"ते कोण झाडणार?" त्या म्हणाल्या.

"सिस्टर, पैज इकडच्या बाजूची होती."

"मी तुला काय विचारलं?"

टोपी सरळ करून त्या रस्ता ओलांडायला लागल्या. दोन्ही बाजूंची वाहनं आपोआप थांबली. मधोमध पोचल्यावर त्यांनी मान वळवून हाक मारली, "किल्लीवाल्या, सुपली आण."

आणि सगळ्या बाल्कन्यांसमोर, पैज जिंकलेला मी, सुपली घेऊन त्यांच्या मागे निघालो.